तैलरंग सोडायचे का? सल्ला हवा आहे

जवसनिळाई (परभणी)

नमस्कार. मी निवृत्त चित्रकला शिक्षिका, वय ६८. संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, शिकत असताना तैलरंग हातात आले ते आजपर्यंत. इथं चित्रकलेतली जाणकार मंडळी आहेत आणि डॉक्टरही आहेत, म्हणून विचारते.

गेल्या हिवाळ्यापासून रंगवायला बसलं की थोड्याच वेळात ढास लागते, छाती आवळून येते. डॉक्टरांनी श्वासाच्या तपासण्या केल्या आणि सांगितलं की दम्याकडे झुकतंय, रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा वास आधी बंद करा. मुलाने लगेच अ‍ॅक्रिलिकचा मोठा संच पाठवला. "आई, रंग ते रंगच. आता पाण्यात काम कर," म्हणाला. मी मनापासून करून बघितलं. पण आमच्याकडचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे. पंखा लावला की पॅलेटवरचा रंग घट्ट, आणि पंखा बंद केला की बसवत नाही.

नोकरीच्या दिवसांत पहाटे ५ ते साडेसहा एवढाच वेळ माझा असायचा. मग पाणी भरणं, डबे, शाळा, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या लेकरांचे जादा तास, घरी आलं की स्वयंपाक. मागच्या अंगणात कडब्याची खोली होती, तिथं ईझल, म्हणजे कॅनव्हास ठेवायची घोडी. पहाटे आभाळ लावून जायचं. रात्री सगळं आवरून खोलीत गेलं की आभाळ ओलंच असायचं. क्षितिजाची कडा कोरड्या ब्रशने हलक्या हाताने मोडता यायची. दुसऱ्या दिवशीही यायची. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, लेकरं लहान होती, त्या वर्षांत मी चित्रकार राहिले ते या रंगांना घाई नव्हती म्हणून. जलरंगाने मला असं उठून जाऊ दिलं नसतं.

माझा आयुष्यभराचा विषय म्हणजे काळी माती. ट्यूबमधला काळा मी लावत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी, त्यात अलिझरिन लाल अगदी ब्रशच्या टोकाएवढा. मृगाचा पहिला पाऊस झाल्यावरची जांभळट माती त्यातून येते. मे महिन्यातली भेगाळलेली हवी असेल तर त्यातच यलो ऑकर आणि पांढरा घालायचा, मग ती राखी होते. भेगेची एक कड उन्हात असते, दुसरी सावलीत, आणि सावलीतली कड निळी दिसते. हे मला कुणी शिकवलं नाही, ओल्यात ओलं मिसळता मिसळता दिसलं.

तर प्रश्न दोन. टर्पेंटाइनला हात न लावता तैलरंगात कुणी काम केलंय का? आणि आयुष्यभर एका माध्यमात राहून नंतर ज्यांनी ते बदललं, त्यांचं चित्र त्यांचंच राहिलं का?

हुरडा_पार्टी

ताई, मला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही. पण मातीचा परिच्छेद वाचला आणि उठून गच्चीवर जाऊन शेताकडं बघून आलो. सावलीतली कड खरंच निळी आहे! एवढी वर्षं नांगरतोय, आज दिसली. धागा वाचनखुणेत.

स्टेथो_बीड

ताई, तुमचे डॉक्टर तपासतायत तेव्हा औषधाबद्दल त्यांचंच ऐका. मी फक्त एक गोष्ट वेगळी काढून दाखवतो, कारण घरच्यांची गल्लत इथं होते.

टर्पेंटाइन हे द्रावक आहे. ते उडतं, त्याची वाफ श्वासनलिकेला झोंबते. ट्यूबमधल्या रंगात असतं ते जवसाचं किंवा करडईचं तेल, आणि ते खोलीच्या तापमानाला जवळजवळ उडत नाही. म्हणजे संशय द्रावकावर आहे, तैलरंगावर नाही. दुसरं, "वासरहित" म्हणून जे थिनर मिळतं त्याला वास कमी असतो, वाफ असतेच. वास येत नाही म्हणून माणूस त्याच्यासमोर जास्त वेळ बसतो, ते आणखी वाईट.

आणि तुम्ही लिहिलेली कडब्याची खोली अजून तीच आहे का? कडब्याची धूळ आणि दमटपणातली बुरशी यानेसुद्धा दमा चाळवतो. ते डॉक्टरांना सांगितलं नसेल तर सांगा.

जवसनिळाई

डॉक्टरसाहेब, कडबा जाऊन खूप वर्षं झाली. आता वरच्या मजल्यावर फरशीची खोली आहे, दोन्ही बाजूंनी खिडक्या. पण पावसाळ्यात एका भिंतीला ओल येते. पुढच्या वेळी नक्की सांगते.

पिक्सेल_नांदेड

काकू, थोडं विरुद्ध मत मांडतो, रागावू नका.

अ‍ॅक्रिलिकवर एका एप्रिलात शिक्का मारू नका. त्यात रिटार्डर घालतात, वाळायचा वेळ वाढतो. पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि त्यावर रंग काढायचे. झाकण लावून ठेवलं की दुसऱ्या दिवशीही रंग मऊ राहतात. आमच्या नांदेडच्या उन्हात मी हेच वापरतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते "हो". चित्रकार सय्यद हैदर रझा तैलरंगातून अ‍ॅक्रिलिककडे वळले आणि ज्या बिंदूमुळे लोक त्यांना ओळखतात ती चित्रं बहुतेक त्या नंतरच्या काळातली आहेत. फ्रेंच चित्रकार मातीसचं १९४१ मध्ये पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, ईझलसमोर उभं राहणं अवघड झालं, तेव्हा त्याने कात्री घेतली आणि रंगवलेले कागद कापून चित्रं केली. तरी बघणाऱ्याला लांबूनच कळतं की हा मातीस. माध्यम बदलल्याने डोळा बदलत नाही. शिवाय आता तुम्ही निवृत्त आहात. पहाटेचा दीड तास राहिला नाही, अख्खा दिवस तुमचा आहे. मग रंगाने थांबायची गरज काय?

पाणचक्की

@पिक्सेल, शेवटचं वाक्य तर्काला धरून आहे, पण मला पटत नाही. चाळीस वर्षं माणूस ज्या वेगाने बघत आला तो वेग निवृत्तीच्या आदेशाबरोबर बदलत नाही.

मी संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातून शिकलो, आता शिकवतो. ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट हो. टर्पेंटाइनशिवाय तैलरंगात काम होतं आणि उत्तम होतं. आपल्याला सवय लागते ती शाळेतल्या पद्धतीमुळे, डाव्या हाताला तेल, उजव्या हाताला टर्प्स. मी ज्या पद्धतीने करतो ते सांगतो.

पहिला थर पातळ करायला आपण द्रावक घालतो, कारण नियम असा की खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा. उलटं झालं तर वरचा थर आधी वाळून आक्रसतो, खालचा अजून हलत असतो, आणि वर भेगा पडतात. पण खालचा थर कोरडा ठेवायला टर्प्सच लागतं असं नाही. ट्यूबमधला रंग तसाच घ्यायचा, तेल न घालता, आणि जुन्या राठ ब्रशने कॅनव्हासवर घासून अगदी पातळ पसरवायचा. डुकराच्या केसांचा झिजलेला ब्रश यासाठी सगळ्यात चांगला. नाहीतर सुती फडक्याने चोळायचा. यलो ऑकर, अंबर असे मातीचे रंग या कामाला बरे, त्यातही अंबर लवकर वाळतो. वरच्या थरांत जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब. बस्स.

पाण्यात मिसळणारे तैलरंगही मिळतात. तेलच असतं, फक्त पाण्याशी जमवून घेईल असं केलेलं. माझ्या दोन विद्यार्थिनी वापरतात. जास्त पाणी घातलं की चिकट आणि मंद होतात, म्हणून मला फार रुचले नाहीत, पण पर्याय आहे.

नळदुर्ग

ब्रश धुवायचं काय? टर्पेंटाइन सगळ्यात जास्त तिथंच लागतं ना?

करडई_काटा

@नळदुर्ग, बरोबर जागेवर बोट ठेवलंत. याचं उत्तर आपल्या मराठवाड्याच्या शेतातच आहे. मी अन्नतंत्र शिकलेला, तेलात आयुष्य गेलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तेलं तीन तऱ्हेची. शेंगदाण्याचं कधी वाळत नाही. सूर्यफुलाचं अर्धवट वाळतं. जवसाचं आणि करडईचं वाळतं. वाळतं म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, रेणू एकमेकांना बांधले जातात आणि घट्ट पापुद्रा होतो. त्यामुळेच वाळताना वजन थोडं वाढतं! जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त लिनोलेनिक आम्ल असतं, म्हणून ते लवकर वाळतं, आणि त्याच कारणाने पिवळंही पडतं. करडईत लिनोलेनिक जवळपास नसतंच, लिनोलेइक असतं ७० टक्क्यांच्या पुढेमागे. म्हणून ते उशिरा वाळतं, कमी पिवळं पडतं. पांढरा आणि फिका निळा रंग करताना बऱ्याच कंपन्या करडईचंच तेल घेतात. ताईंच्या परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, तिथून 'परभणी कुसुम' नावाचं करडईचं वाण निघालंय. रब्बीत शेताच्या एका कडेला करडई, दुसऱ्या कडेला जवस, आणि या दोन तेलांवर जगातली निम्मी चित्रं उभी आहेत. मला याचा फार अभिमान वाटतो.

आता ब्रश. काम संपलं की ब्रश कागदावर नीट पुसायचा. मग वाटीत थोडं करडईचं तेल घेऊन त्यात घोळायचा, परत पुसायचा. रंग तेलात उतरतो. दोनतीनदा केलं की शेवटी साध्या साबणाने तळहातावर घासून फेस पांढरा येईपर्यंत धुवायचा. टर्प्सचा थेंब लागत नाही, आणि केस मऊ राहतात.

दोन सावधगिऱ्या आहेत, त्या मनावर घ्या.

चित्रात घालायला किराण्यातलं तेल घेऊ नका. बाजारात आता जास्त ओलेइक आम्ल असलेलं करडई तेल मिळतं. आरोग्याला चांगलं, पण ते नीट वाळतच नाही. खायच्या जवस तेलात कधी कधी ई जीवनसत्त्व घातलेलं असतं, ते वाळणं लांबवतं. ब्रश धुवायला चालेल, चित्रासाठी चित्रकारांचंच घ्या.

आणि तेलाने माखलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर नकोच. तारेवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात ठेवा.

हुरडा_पार्टी

आमच्या घरात जवसाचा एकच उपयोग ठाऊक होता, लसूण घालून चटणी. आता जेवताना चित्रकारांची आठवण काढत जाईन. करडईची भाजी पण येऊ द्या कुणीतरी, थंडीत भाकरीवर तिला तोड नाही.

पाणचक्की

@करडई_काटा, फडक्यांचं लिहिलंत ते प्रत्येक कला महाविद्यालयाच्या भिंतीवर लावायला हवं.

गावाकडच्या घाण्याचं जवस तेल चित्रात वापरायचंच असेल तर जुनी रीत आहे. तेलात पाणी घालून खूप हलवायचं, ठेवून द्यायचं. चिकट गाळ खाली पाण्यात उतरतो. असं बऱ्याचदा करायचं. मग काचेच्या बाटलीत, तोंडाला कापड बांधून उन्हात. ऊन आपल्याकडं हवं तेवढं. रंग फिका होतो, तेल दाटतं. मी आणि माझी मुलं दर उन्हाळ्यात करतो.

देवकण

मला एक समजत नाही. तैलरंग मुळात युरोपचे. आपल्याकडे भिंतचित्रं होती, पोथ्या होत्या, पैठणची चित्रकथी होती. त्यात खनिज रंग, डिंक, सरस. आपण तेलालाच एवढं का कवटाळून बसलोय?

पाणचक्की

@देवकण, पैठणच्या चित्रांवर माझाही जीव आहे. पण "मुळात युरोपचे" एवढं सरळ नाही. अफगाणिस्तानात बामियानच्या गुंफांमधल्या भित्तिचित्रांची तपासणी झाली, निष्कर्ष २००८ मध्ये आले. सातव्या शतकातल्या काही चित्रांत वाळणारं तेल सापडलं. युरोपात चित्रकार व्हॅन आयकने तैलरंगाला कळस चढवला तो पंधराव्या शतकात. तेव्हा कुणाचं माध्यम हे सोडून देऊ. ताईंची माती कुणाची आहे ते बघा, प्रश्न मिटतो.

माळवद

मी मूळ लातूर जिल्ह्यातला, आता पुण्यात नोकरी. वडील पेंटर. दुकानाच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचा मोर, सगळं एनॅमलमध्ये. आणि तैलरंगात माणसांचे चेहरे. फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम दोनतीन वर्षांत बसलं. चेहरे मात्र त्यांनी सोडले नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या भागातली घरं दगडमातीची, वर मातीचं जड माळवद. झोपेतच माणसं गेली, हजारोंनी. काही महिन्यांनी लोक वडिलांकडे यायला लागले. हातात काय असायचं, तर लग्नातल्या गर्दीच्या फोटोत कोपऱ्यात उभी बाई, किंवा कुठल्याशा कार्डावरचा अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा. "याचा मोठा फोटू रंगवून द्या." वडील त्या फोटोवर बारीक चौकटी आखायचे, तेवढ्याच चौकटी कॅनव्हासवर, आणि मग चेहरा चढवायचे.

पहिला हात झाला की निरोप धाडायचे. घरची माणसं येऊन समोर बसायची. कुणी म्हणायचं नाक असं नव्हतं. कुणी म्हणायचं, कुंकू मोठं लावायची ती. रंग ओला असायचा, वडील त्यांच्यासमोर बोटाने, चिंधीने नाक सारखं करायचे. नातेवाइकांत आपसात वाद व्हायचा, कधी रडारड व्हायची, मग ते उठून जायचे आणि दोन दिवसांनी परत यायचे. चित्र तसंच थांबलेलं. डोळे सगळ्यात शेवटी. मी एकदा म्हणालो, एनॅमल मारा, लवकर वाळंल. तर म्हणाले, "माणूस गेलेलं हाय बाबा, आता कशाची घाई करूलालास? घरच्यांला वळखू येईस्तोवर रंग वला पायजे."

त्यांनी बहुतेकांकडून फक्त रंगाचे पैसे घेतले. कुणी ते चित्रकार आहेत असं म्हणालं नाही, ते स्वतःही म्हणत नाहीत. ताईंनी लिहिलेलं "रंगांना घाई नव्हती" वाचून मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाईला बरूबर कळलंय."

स्टेथो_बीड

@माळवद, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्या काळात मी शिकाऊ डॉक्टर म्हणून तिथल्या छावणीत होतो. तंबूच्या काठीला लटकवलेलं असं एक चित्र मी बघितलंय. कुणी काढलं होतं माहीत नाही.

जवसनिळाई

माळवद, तुमचा प्रतिसाद मी मिस्टरांना वाचून दाखवायला गेले, पण पूर्ण वाचता आला नाही. वडिलांचं वय किती? अजून काम करतात का?

माळवद

८१. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. रोज थोडं करतात. आता स्वतःसाठी, गावातली म्हातारी माणसं समोर बसवून.

देवगिरी

आयुष्यभराचा विषय निघालाय तर मेजर रॉबर्ट गिलची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. तैलरंगातलं इतकं मोठं काम आपल्या मराठवाड्यात दुसरं झालं नसेल.

१८४४ पासून हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या सांगण्यावरून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करत होता. कॅनव्हासवर, तैलरंगात, भिंतीच्या मापाच्या जवळ जाणाऱ्या. राहायचा अजिंठा गावच्या बारादरीत. लेण्यांत अंधार, वटवाघळं, वर जंगल. वर्षानुवर्षं काम केलं. चित्रं लंडनला जायची. १८६६ मध्ये तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली, मोजकीच उरली. त्यानंतर त्याने परत कामाला हात घातला. १८७९ मध्ये गेला, कबर भुसावळला आहे. अजिंठा गावात त्याची इथली सोबतीण पारो हिची कबर आहे, १८५६ ची, ती त्यानेच बांधली. लोक पारोची गोष्ट रंगवून सांगतात, मला मात्र आगीनंतर परत ब्रश उचलणारा गिल जास्त जवळचा वाटतो.

त्याच्यामागून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी आले, १८७२ पासून १८८५ पर्यंत. त्यांच्याही बऱ्याच प्रती लंडनला १८८५ च्या आगीत गेल्या. दोन पिढ्यांची मेहनत, दोन आगी.

नळदुर्ग

गिलचे कष्ट मान्य. पण प्रतिकृती करणं आणि स्वतःचं चित्र काढणं यात फरक आहे. ताई स्वतःची माती रंगवतात, गिल दुसऱ्याची भिंत उतरवत होता. एका तागडीत घालू नका.

देवगिरी

@नळदुर्ग, माळवद यांचे वडीलही फोटोवरूनच उतरवत होते ना? तिथं तुम्ही फरक केला नाहीत. एका भिंतीसमोर वीस वर्षं बसलेल्या माणसाचा हात ती भिंत आत घेतोच. प्रत्येक प्रतिकृतीत काय ठेवायचं, कुठला पडलेला गिलावा दाखवायचा, कुठला भरून काढायचा, हे त्यालाच ठरवावं लागलं.

नळदुर्ग

वडिलांच्या उदाहरणापुढे माझ्याकडे उत्तर नाही. मान्य. गिलबद्दल विचार करतो.

पाणचक्की

अजिंठा निघालाच आहे तर वार्निशबद्दल. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून जीर्णोद्धाराचे तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले, चित्रं वाचवली, आणि वरून लाखेचं वार्निश दिलं. ते पुढे पिवळं-तपकिरी पडत गेलं आणि मूळ रंगच गढूळ दिसायला लागले. नंतरच्या लोकांना ते काढत बसावं लागलं.

म्हणून ताई, तुमच्या चित्रांना वार्निश देताना नंतर निघेल असंच द्या आणि घाई करू नका. रंग वरून वाळलेला दिसला तरी आत चालू असतो. सहा महिने ते वर्षभर थांबायचं. आणि वार्निशातही द्रावक असतंच, ते काम तुम्ही स्वतः करू नका, कुणाकडून तरी करून घ्या. माझ्याकडे पाठवलीत तर मी आनंदाने करेन.

रानजाई

मी फक्त वाचत होते, पण विचारते. मावशी तैलचित्रं काढायची. ती गेली. शंभराच्या आसपास कॅनव्हास माळ्यावर एकावर एक ठेवलेत, काही गुंडाळून. घर विकायला काढलंय. भाऊ म्हणतो नातेवाइकांत वाटून टाकू. ज्यांना नको असतील त्यांच्या भिंतीवर ती कशाला जावीत असं मला वाटतं. काय करावं?

पाणचक्की

@रानजाई, आधी माळ्यावरून खाली आणा, उष्णता आणि उंदीर दोन्ही वाईट. आडवी रचू नका, पुस्तकांसारखी उभी ठेवा, तोंडाला तोंड लावून नको, मध्ये पुठ्ठा. गुंडाळलेली असतील तर रंगाची बाजू बाहेर यायला हवी. आत असेल तर उलगडताना रंग ताणला जाऊन तडकतो. म्हणून जबरदस्तीने उघडू नका. कॅनव्हास सैल पडला असेल तर चौकटीच्या कोपऱ्यातल्या लाकडी पाचरी हलक्या ठोकून ताणता येतो. अंधारात राहून पिवळी पडली असतील तर घाबरू नका, उजेडात (थेट उन्हात नव्हे) ठेवली की जवसाचा पिवळेपणा बराच उतरतो. आणि वाटण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढा, मागे नाव, साल, माप लिहा. एकदा वाटली गेली की तिचं काम एकत्र कुणालाच दिसणार नाही.

जवसनिळाई

रानजाई, मावशींच्या चित्रांपैकी तुला कळणारं एक तरी स्वतःकडे ठेव. मोठं नसलं तरी चालेल. माझ्या माघारी माझ्या चित्रांचं काय हा विचार मीही करते, पण रंगवताना करत नाही.

पिक्सेल_नांदेड

धागा खूप फिरला, पण काकूंचा दुसरा प्रश्न तसाच आहे. काकू, मी दिलेला ओल्या स्पंजचा उपाय करून बघितलात का?

जवसनिळाई

मंडळी, इतके दिवस लिहिलं नाही, कारण काम करत होते.

पिक्सेल, बाळा, केला. रंग पॅलेटवर राहतात मऊ, तुझं बरोबर आहे. कॅनव्हासवर मात्र थांबत नाहीत. एक चित्र पूर्ण केलं अ‍ॅक्रिलिकमध्ये, उन्हाळ्यातलं बोडकं शेत. वाईट झालं नाही. घट्ट, स्वच्छ झालं. नातीला आवडलं, तिच्या खोलीत लावलंय. पण त्यात मी काय ठरवलं होतं तेवढंच आहे. तैलरंगात मी ठरवलेलं रात्री परत मोडते, आणि मोडताना जे दिसतं त्यासाठीच मी रंगवते. तू म्हणालास की आता अख्खा दिवस माझा आहे. खरंय. पण माझं बघणं त्या तुटक वेळात घडलं. सकाळी जे लावलं ते दिवसभर डोक्यात असायचं, वर्गात फळ्यावर काही लिहिता लिहिता सुचायचं की उजवीकडची माती जास्त गरम झालीय. रात्री जाऊन ती थंड करायची. आज वेळ आहे तरी मी तशीच उठून जाते, स्वयंपाक करते, बाजार करून येते, आणि मग परत बघते. या मधल्या तासांत चित्र ओलं असावं लागतं. रझांना, मातीसला बदलता आलं कारण त्यांना जे हवं होतं ते नव्या माध्यमात होतं. मला हवं आहे ते याच्यात आहे.

टर्पेंटाइनची बाटली घरातून काढली. पाणचक्की यांच्या पद्धतीने पहिला थर झिजलेल्या ब्रशने घासून लावला. हाताला कष्ट जास्त पडतात, खांदा दुखतो, पण कॅनव्हासचा पोत वर येतो तो मला आवडला. ढेकळांच्या रानाला ती खरबरीत जमीन फार छान बसते. ब्रश करडईच्या तेलात धुते, मग साबण. फडकी तारेवर. भिंतीची ओल डॉक्टरांना सांगितली. त्यांनी भिंत दुरुस्त होईपर्यंत ती खोली बंद करायला सांगितली, म्हणून सध्या ईझल जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत आहे. ढास पूर्ण गेली नाही, बरीच कमी आहे.

स्टेथो_बीड

उत्तम. पण कमी आहे म्हणून औषध परस्पर बंद करू नका, पुढची तपासणी चुकवू नका. आणि कॅडमियमचे रंग असतील तर वाळलेला थर पॉलिश पेपरने घासू नका, ती धूळ छातीत जायला नको.

पिक्सेल_नांदेड

काकू, "ठरवलं होतं तेवढंच आहे" हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर लावतोय. मला अ‍ॅक्रिलिकमध्ये असं वाटत नाही, पण तुम्हाला का वाटतं ते आता कळलं. तैलरंगाची एक छोटी ट्यूब घेऊन बघतो, पांढरा आणि अंबर, एवढ्यावर सुरुवात होते ना?

पाणचक्की

होते. पांढरा टायटॅनियम घे. झिंक जाड लावला की पुढे ठिसूळ होतो.

करडई_काटा

ताई, ब्रश धुतलेलं तेल फेकू नका. झाकण लावून ठेवा, रंग तळाला बसतो, वरचं परत वापरता येतं. तळाचा गाळ मोरीत ओतू नका, कागदात टिपून कचऱ्यात, कारण त्यात धातूंचे रंग असतात. जवस तेल उन्हात ठेवायची पाणचक्की यांची रीत करायची असेल तर कळवा, आमच्या गावचा लाकडी घाणा सुरू आहे, बाटली पाठवतो.

जवसनिळाई

पाठवा की. दोन पाठवा, एक पिक्सेलला देऊ.

माळवद

ताई, दिवाळीला गावाकडे येतोय. वडील म्हणतायत की परभणीच्या बाईंची माती बघायची आहे. त्यांना भेटायला आणलं तर चालेल का? एका चेहऱ्याचं काम अर्धवट आहे, ते सोबत घेऊन येतील म्हणतात, तुमचं मत हवंय त्यांना.

जवसनिळाई

विचारायचं काय त्यात, घेऊन या. ओलं कॅनव्हास गाडीत उभं ठेवा, चौकटीच्या मागून धरा. वडिलांना जिना चढवत असेल का तेवढं सांगा, नाहीतर ईझल खाली ओसरीत आणून ठेवते. आणि जेवायला थांबायचं आहे.

हुरडा_पार्टी

जवसाची चटणी माझ्याकडून.